असई टेबलावर: प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

वॉटर्लू नको, एवढं आज नक्की झालं. छोट्या शिपायांच्या फौजा टेबलावर मांडून, फासे टाकून आम्ही जुन्या लढाया खेळतो; नेपोलियनच्या काळातली लढाई खेळायची म्हटली की आमच्या टेबलावर हटकून वॉटर्लू येतं, नाहीतर ऑस्टरलित्झ. पण वॉटर्लू जिंकणाऱ्या माणसाने त्याआधी बारा वर्षं जी लढाई मारली ती आपल्या जालना जिल्ह्यात झाली. २३ सप्टेंबर १८०३, असई. एकीकडे चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, दुसरीकडे चोविशीतले दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या वेलस्लीला उतारवयात विचारलं, तुमच्या हातून झालेली सर्वांत उत्तम लढाई कोणती. त्याने असईचं नाव घेतलं.

या लढाईच्या तयार मांडण्या मिळतात. चाळल्या, आणि वैताग आला. मराठा फौज म्हणजे बेस (फिगर चिकटवलेल्या पट्ट्या, एकेक म्हणजे एक तुकडी) पुष्कळ आणि लढण्याचे गुण कमी. फासे टाकायच्या आधीच निकाल लिहून ठेवलेला. आपल्या तोफांपाशी शेवटपर्यंत झुंजलेले गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, ज्या यादीत ‘कच्चे’ ठरतात ती यादी माझ्या कामाची नाही.

खरी अडचण मात्र गुणांची नाही, घोडदळाची आहे. इंग्रजांच्या अंदाजाने शिंदे-भोसल्यांकडे तीस-चाळीस हजार स्वार होते. आकडा फुगवलेला असेल. निम्मा धरला तरी वेलस्लीच्या साऱ्या फौजेला पुरून उरतो. तरी लढाई लढली ती पायदळाने आणि तोफखान्याने. एवढे स्वार बहुतांश उभे राहिले. टेबलावर ते कसे उभे करायचे? खेळाडूच्या हातात घोडे दिले की तो ते उधळणारच.

१६ जून

आज नुसतं गणित. टेबल सहा फूट बाय चार फूट. १ सेंमी म्हणजे २५ मीटर धरलं तर साडेचार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद मुलूख मिळतो. केळणा आणि जुई या दोन नद्यांमधला चिंचोळा पट्टा, असई गाव आणि दक्षिणेकडचा थोडा भाग त्यात बसतो. पश्चिमेला भोकरदनपर्यंत पसरलेला तळ बसत नाही. हरकत नाही, तिथून येणारे स्वार टेबलाच्या कडेवरून येतील.

इंग्रजांची पलटण साधारण पाचशेची, दोन रांगांत. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त जागा लागते, म्हणजे आघाडी सुमारे १४० मीटर. ६ सेंमीचा बेस. शिंद्यांची पलटण सहाशेची आणि तीन रांगांत धरली, तर ११० मीटर, म्हणजे साडेचार सेंमी. माणसं जास्त, बेस लहान. नवख्याला हे उलटं वाटेल, पण बंदुकीचा मारा आघाडीच्या रुंदीवर ठरतो, त्यामुळे हा फरक टेबलावर दिसलाच पाहिजे.

टप्पे: बंदूक ४ सेंमी, तोफेचे छर्रे १४, तोफेचा गोळा ३६. एक डाव म्हणजे पंधरा मिनिटं, आणि रांग सांभाळत चालणारं पायदळ एका डावात १६ सेंमी. म्हणजे उघड्या रानातून तोफांवर चालून जाणाऱ्या पलटणीला दोन डाव नुसता मार खायचा आहे. तेवढा खायलाच हवा. वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल सुरुवातीच्या माऱ्यातच पडले, तोफा जागच्या जागी अडकल्या, आणि त्याने त्या मागे सोडून संगिनींवर भरवसा ठेवला. म्हणून बैलांना वेगळा बेस. तो उडाला की तोफ तिथेच.

३० जून

फौजांची यादी पुरी झाली. इंग्रजांची सोपी. पहिल्या रांगेत उजवीकडून डावीकडे: ऑरॉकच्या हाताखालची पिकेटं (पहाऱ्याच्या तुकड्या), मद्रासच्या ८ व्या आणि १० व्या रेजिमेंटची एकेक पलटण, टोकाला ७८ वी हायलंडर ही स्कॉटिश पलटण. दुसऱ्या रांगेत ७४ वी हायलंडर आणि मद्रासच्या १२ व्या आणि ४ थ्या रेजिमेंटची एकेक पलटण. मागे मॅक्सवेलचं घोडदळ: १९ वे लाइट ड्रॅगून आणि मद्रासच्या तीन रिसाल्यांच्या रेजिमेंटा. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार, जे केळणेच्या दक्षिणेला शिंद्यांच्या घोडदळावर नजर ठेवून होते. पेशव्यांच्या या स्वारांत बापू गोखले होते. तेच गोखले १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढता लढता पडले. वेलस्लीच्या बाजूला मराठ्यांचे दोन बेस येणार म्हणून आमच्यातल्या एकाने नाक मुरडलं. इलाज नाही, तेव्हा पेशवा त्यांच्याकडेच होता. वसईच्या तहाला वर्षही झालं नव्हतं.

शिंद्यांची यादी करताना जास्त मजा आली. कवायती पायदळाचे कंपू, म्हणजे द बोइन या युरोपीय सेनानीने महादजींच्या काळात उभ्या केलेल्या व्यवस्थेचा वारसा. हॅनोव्हरच्या पोलमनकडे आठ पलटणी, सरधन्याच्या बेगम समरूच्या पाच पलटणी सालरच्या हाताखाली, द्युपाँकडे चार. सालरच्या बहुतेक पलटणी सामानाच्या राखणीला लावल्या होत्या. कवायती पायदळ एकूण दहा-अकरा हजार, तोफा शंभराच्या घरात. लढाईनंतर ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या आणि त्यांनी त्यांच्या घडणीची तारीफ केली. तोफा चांगल्या, गोलंदाज त्याहून चांगले.

हाताखालचे अधिकारी मात्र खिळखिळे झालेले. युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर जनरलने, म्हणजे वेलस्लीच्याच थोरल्या भावाने, जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिशांना फोडलं होतं. टेबलावर याचा अर्थ असा: पलटणीचे गुण उत्तम, पण ब्रिगेडला हुकूम पोचवणाऱ्या सोंगट्या कमी. पोलमनला डावाला तीनच हुकूम, वेलस्लीला पाच.

१४ जुलै

मित्राची गाडी होती म्हणून जागा पाहून आलो. नकाशावरून नद्या काढता येतात, नदीचा काठ काढता येत नाही. केळणेचे काठ बऱ्याच ठिकाणी उभे कापल्यासारखे आहेत. तोफगाडा खाली उतरवायचा तर उतार शोधावाच लागेल. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं की इथे नदी ओलांडायला जागा नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळ असलेली माणसं एकमेकांकडे जात-येत असणारच, तेव्हा मध्ये उतार आहे, हा त्याचा तर्क. बरोबर निघाला. लढाईचा निम्मा निकाल त्या तर्कात आहे असं इंग्रजी पुस्तकं म्हणतात. मला ते थोडं जास्त वाटतं, पण तर्क झकास.

मधल्या पट्ट्यात कपाशी आणि मका. जमीन सपाट वाटते, चालायला लागलं की नाले लागतात. टेबलावर नाल्यांना अर्धा सेंमीची उंची देऊन उपयोग नाही, नुसत्या रेघा चालतील: ओलांडताना रांग विस्कटते, एवढंच.

२८ जुलै

रंगकाम. सगळ्या फिगर ६ मिमीच्या, घरच्या रेझिन प्रिंटरवर काढलेल्या. बाहेरून धातूच्या मागवायच्या तर किमतीपेक्षा कुरिअर आणि कस्टम्सच भारी पडतं. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नये, पृष्ठभाग खरखरीत होतो, ब्रशने लावला. बेसवर काळी माती चाळून फेव्हिकॉलवर पसरली, वर थोडं हिरवं. सप्टेंबरमध्ये मराठवाडा हिरवा असतो, वाळवंटी पिवळा बेस कोणी सुचवू नये.

दोन्हीकडचे कवायती शिपाई लाल डगल्यांत, त्यामुळे तीन फुटांवरून कोण कुणाचा कळत नाही. बेसच्या कडा रंगवल्या: कंपनीच्या काळ्या, शिंद्यांच्या भगव्या, भोसल्यांच्या पिवळ्या. असला गोंधळ खऱ्या रणात धुरामध्ये किती झाला असेल, देव जाणे.

११ ऑगस्ट

गुणांवरून वाद. पोलमनच्या पलटणींना किती द्यायचे? त्यांना इंग्रजी शिपायांच्या बरोबरीने ठेवायचं हा माझा हट्ट, आणि त्याला कारण आहे. वेलस्ली नदी ओलांडून पूर्वेकडून दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला, तेव्हा शिंद्यांची सगळी रांग दक्षिणेकडे, केळणेकडे तोंड करून उभी होती. वेलस्लीला वाटलं, आता त्यांच्या बगलेवर पडू. पोलमनने सबंध रांग, तोफांसकट, काटकोनात फिरवली. डावं टोक असईच्या घरांपाशी, उजवं केळणेवर. शत्रू समोर येत असताना हजारो माणसांचा मोहरा असा वळवणं कच्च्या फौजेचं काम नाही. वेलस्लीने स्वतः हे अपेक्षिलं नव्हतं.

नियम असा केला: मोहरा वळवायला दोन डाव, पलटणीगणिक एक फासा, १ आला तर ती पलटण विस्कटलेली. पूर्वी प्रत्येक डावाला सगळ्या ब्रिगेडचे हुकूम खर्च होतील असा नियम होता, तो काढून टाकला.

तोफखान्यासाठी वेगळी ओळ. असईत इंग्रजी रांग तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीत छर्रे घातले. ७८ वी पलटण मागे फिरवून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. म्हणून तोफा ‘घेतल्या’ तरी बेस उचलायचा नाही, आडवा ठेवायचा. पुढच्या डावात ५ किंवा ६ आला की तो उभा राहतो.

१८ ऑगस्ट

पहिला सराव. माझी भीती खरी ठरली. भोसलेवाल्याने पहिल्याच डावात टेबलाच्या पश्चिम कडेवरून जेवढे स्वार मिळतील तेवढे आणले, पट्ट्यातून दौडत नेले आणि वेलस्ली नदीतून वर येत असतानाच त्याच्यावर घातले. तिसऱ्या डावाला वेलस्ली ठार. चहा उकळायच्या आत खेळ संपला.

नियमांच्या दृष्टीने त्याने काही वावगं केलं नाही. शहाणा माणूस हेच करेल. मग १८०३ मधले सरदार अडाणी होते का? ‘बुणगे, लुटीला हपापलेले’ हे इंग्रजी उत्तर तयार आहे, पण ते उत्तर नव्हे, ती शिवी आहे. याच घोडदळाच्या आजोबा-पणजोबांनी निजामाला कितीदा जेरीस आणलं.

२५ ऑगस्ट

आठवडाभर हेच डोक्यात. मराठा स्वार दोन प्रकारचे: बारगीर, ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारचं किंवा सरदाराचं, आणि शिलेदार, जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो. शिलेदाराचा घोडा मेला तर नुसता घोडा जात नाही, चाकरी जाते. त्याचं सगळं भांडवल चार पायांवर उभं असतं. अशा माणसाला संगिनी रोखलेल्या सलग रांगेवर आणि छर्ऱ्यांच्या तोंडावर घाल म्हटलं तर तो का घालेल? तो शत्रूची रसद तोडेल, पळणाऱ्याला गाठेल. असईत झालंही असंच काहीसं. ७४ वी पलटण गावाच्या तोफांखाली भरडून निघाली, तेव्हा मराठा स्वार तिच्यावर तुटून पडले. धड असलेल्या रांगेवर नाही.

तेव्हा नियम: रांग धरून उभ्या पायदळावर हल्ला करायचा तर शिलेदारांच्या बेसला ६ लागेल, विस्कटलेल्यावर ३ किंवा जास्त. शिलेदारांचा बेस गेला तर गेला, परत येत नाही. बारगिरांना ही अट नाही, पण बारगिरांचे बेस पाचच.

कागदावर छान दिसतं. तरी मन भरलं नाही. फासा आला नाही म्हणून खेळाडू गप्प बसतो, आणि त्याला स्वतःलाच जायचं नाही म्हणून गप्प बसतो, यात फरक आहे.

८ सप्टेंबर

टेबलावर गणपती बसलेत, त्यामुळे काम कागदावर. दीड दिवसाचे असते तर आज टेबल मोकळं झालं असतं. आमचे दहा दिवसांचे.

एक वेगळी दिशा. आत्तापर्यंत शिंदे आणि भोसले ही एकच बाजू धरली होती. ती एक बाजू नव्हतीच. दोन दरबार, दोन खजिने. तोफा शिंद्यांच्या, कंपू शिंद्यांचे. होळकर तर या युद्धात आलेच नाहीत. भोसल्यांनी आपले स्वार शिंद्यांच्या तोफा वाचवायला का खर्चायचे? म्हणून तीन वेगळे गुणपत्रक केले, दुमडून ज्याचं त्याला द्यायचे. पोलमनला तोफा राखल्याचे आणि इंग्रजी पलटणी मोडल्याचे गुण. वेलस्लीला तोफा घेतल्याचे गुण, पण स्वतःची एक तृतीयांश माणसं गेली की उणे. भोसल्यांना संध्याकाळी शाबूत असलेल्या प्रत्येक बेसचे गुण आणि विजयाचा थोडासा वाटा.

दुसरा पेच म्हणजे सगळ्यांना इतिहास ठाऊक आहे. पोलमनवाला पिंपळगावच्या उतारावर तोफा लावून बसेल. त्यासाठी केळणेवर तीन संभाव्य उतार ठेवले, खरा कोणता ते फक्त पंचाच्या चिठ्ठीत. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून खेळल्या जाणाऱ्या क्रीगश्पील या युद्धखेळात पंच हा अशीच सगळ्यांची गुपितं सांभाळायचा. खेळाडूला तेवढंच दिसायचं जेवढं सेनापतीला दिसलं असतं.

२२ सप्टेंबर

खेळ झाला. चार माणसं: वेलस्ली, पोलमन, भोसले, आणि पंच म्हणून मी. दौलतराव कोणी घेतले नाहीत. लढाई पेटली तेव्हा ते आणि रघूजी रणात नव्हतेच, त्यामुळे शिंद्यांचे स्वारही भोसलेवाल्याकडे दिले.

वेलस्लीवाल्याने उतार पहिल्याच प्रयत्नात बरोबर ओळखला. पोलमनने मोहरा वळवायला घेतला. फाशांत तीन वेळा १. द्युपाँच्या दोन पलटणी एकमेकींत अडकल्या आणि केळणेच्या बाजूला रांगेत भगदाड पडलं. ते बुजवायला त्याने समरूच्या बाकी पलटणी सामानावरून उठवल्या, पण त्या दोन डावांनी पोचल्या.

इंग्रज रांग तोफांच्या टप्प्यात आली. बैल गेले, सगळेच्या सगळे, दुसऱ्या डावात. वेलस्लीवाला फाशांकडे बघत राहिला आणि मग तोफा सोडून पुढे निघाला. इथवर इतिहासच.

मात्र त्याने ऑरॉकची चूक टाळली. खऱ्या लढाईत ऑरॉकची पिकेटं उजवीकडे फार सरकली, त्यांच्यामागे ७४ वी गेली, आणि दोन्ही असईच्या भिंतींमागच्या तोफांपुढे सापडल्या. मॅक्सवेलच्या घोडदळाने धाव घेतली म्हणून जे वाचले ते वाचले. आमच्या वेलस्लीने ७४ वी सुरुवातीलाच डावीकडे, ७८ व्याच्या शेजारी लावली आणि असईपुढे कोणालाच पाठवलं नाही. दोन्ही हायलंडर पलटणी एकत्र भगदाडावर. पोलमनचं उजवं अंग चौथ्या-पाचव्या डावात फुटलं. आठ तोफा आडव्या झाल्या.

सहाव्या डावात त्यांतल्या तीन उठल्या. एकाच वेळी, तीन वेळा ५ किंवा ६! ७४ व्याच्या पाठीत छर्रे. इतका आरडाओरडा झाला की खालच्या मजल्यावरून फोन आला.

आता भोसले. त्याच्याकडे पश्चिमेला अठरा बेस उभे, समोर विस्कटलेली ७४ वी, अंतर दोन फूट. शिलेदारांना ३ पुरला असता. पोलमनवाला अक्षरशः हात जोडून म्हणाला, ‘आता तरी या.’ भोसलेवाल्याने आपलं दुमडलेलं पत्रक उघडलं, वाचलं, पुन्हा खिशात घातलं आणि म्हणाला, ‘पाहतो.’ पुढच्या डावातही ‘पाहतो.’ त्याने एकदाही फासा उचलला नाही. शिलेदारांचा नियम वापरायची वेळच आली नाही.

मी पंच, तोंड बंद ठेवायचं, पण आतून खूश होतो. कुणी त्याला अडवलं नव्हतं.

दहाव्या डावाला अंधार धरला. इंग्रजांकडे ४१ तोफा, पण एक तृतीयांशाहून जास्त बेस गेलेले आणि पाठलाग करायला दमच नाही. पोलमनचं डावं अंग असईत जसंच्या तसं, कारण त्याच्यावर कोणी चालूनच गेलं नव्हतं. खऱ्या लढाईत वेलस्लीचे ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले; पाठलाग त्यालाही जमला नाही आणि कर्नल स्टीव्हन्सनची, इंग्रजांचीच दुसरी फौज दुसऱ्या दिवशी येऊन मिळाली. गुण मोजले: वेलस्ली आणि पोलमन जवळजवळ बरोबरीत. सर्वांत जास्त गुण भोसल्यांना. पोलमनवाला त्याच्याशी जेवणापर्यंत बोलला नाही.

२९ सप्टेंबर

दुरुस्त्या. उठणाऱ्या तोफांना ५-६ फार सैल आहे, फक्त ६. बैलांचा नियम चांगला. उतारांची चिठ्ठी चांगली, पण तीनऐवजी चार उतार हवेत. असईपुढचा पेच सुटलेला नाही: ऑरॉकची चूक खेळाडू कधीच करणार नाही. पिकेटांचा हुकूम आता लेखी द्यायचा, एका वाक्यात, आणि त्याचा अर्थ पंचाने लावायचा. ‘उजवीकडे राहा’ असं लिहिलंत तर किती उजवीकडे, ते मी ठरवीन. वेलस्लीवाल्याने हे ऐकून कपाळाला हात लावला.

भोसल्यांच्या पत्रकावर भरपूर चर्चा झाली. पोलमनवाल्याचं म्हणणं, हे गुण असेच राहिले तर भोसले कधीच लढणार नाहीत. खरं आहे. पण गुण वाढवण्यापेक्षा त्याने वेगळंच मागितलं: त्याला दौलतराव हवेत. भोसल्यांशी बोलू शकणारा, त्यांना मुलूख किंवा पैसा कबूल करू शकणारा कोणीतरी. पोलमन पडला पगारी नोकर, त्याने कशाचा शब्द द्यायचा?

म्हणून पुढच्या खेळाला चौथ्या खेळाडूची खुर्ची, पण स्वयंपाकघरात. दौलतराव टेबल पाहणार नाहीत. त्यांना काय कळवायचं ते पोलमन आणि भोसले चिठ्ठीवर लिहितील, उत्तर चिठ्ठीवर येईल, आणि चिठ्ठी पोचायला लागणारे डाव मी फाशावर ठरवीन. दौलतराव व्हायला नाशिकचा मित्र तयार आहे. त्याने अट घातली आहे की चहा आधी तिकडे आला पाहिजे.